कम्युनिकेशन प्रोसेसरवरील पेरिफेरल आणि विकाससाधने कशी हाताळावीत

साध्या मायक्रोकंट्रोलरवर यूएआरटी (अक्षरे एकामागून एक पाठवणारे सीरियल पेरिफेरल, म्हणजे चिपमधील जोडयंत्रणा) चालवण्याचा सराव असलेला अभियंता जेव्हा पहिल्यांदा कम्युनिकेशन प्रोसेसर हाताळतो, तेव्हा त्याची एक जुनी समजूत आड येते. सीपीयूने सांगितल्याशिवाय चिपमध्ये काहीही घडत नाही, असे तो धरून चालतो. या जातीच्या चिपमध्ये मात्र सीपीयूच्या शेजारी दुसरा एक नियंत्रक असतो. तो स्वतःचा मायक्रोकोड चालवतो, मेमरीतून बाइट स्वतः उचलतो, फ्रेम (एकत्र पाठवायचा डेटाचा संच) बांधतो, सीआरसी (चूक ओळखणारी तपासणी-संख्या) जोडतो आणि सगळे झाल्यावर फक्त इंटरप्ट (सीपीयूचे लक्ष वेधणारा संकेत) देतो. म्हणून कोणता बफर (डेटा ठेवण्याची मेमरीतील जागा) या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न येथे प्रत्येक टप्प्यावर विचारावा लागतो. पेरिफेरल सुरू करण्याचा क्रम त्यावरून ठरतो आणि डीबगिंगची साधनेही त्यावरूनच निवडावी लागतात.

मोटोरोलाने १९८९ मध्ये आणलेल्या एमसी ६८३०२ मध्ये ६८००० कोअर आणि संप्रेषणासाठी वेगळा रिस्क (मोजक्या, साध्या सूचनांवर चालणारा) नियंत्रक अशी ही रचना होती. पुढे ६८३६० म्हणजे क्विक आणि त्यानंतर पॉवरपीसी कोअर असलेली एमपीसी ८६० म्हणजे पॉवरक्विक, असा तिचा विस्तार झाला. मोटोरोलाचा सेमीकंडक्टर विभाग २००४ मध्ये फ्रीस्केल झाला आणि २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाला. तरी क्विक इंजिन नावाने आलेल्या नंतरच्या चिपांतही मूळ कल्पना तीच राहिली. या मार्गदर्शनासाठी मी एमपीसी ८६० निवडली आहे, कारण तिची हस्तपुस्तिका सविस्तर आहे, यू-बूट (यंत्र सुरू करून देणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर) आणि लिनक्स या दोन्हींतील तिच्यासाठीचा कोड सर्वांना वाचता येतो आणि तिच्यावर शिकलेले जवळजवळ सगळे पुढच्या चिपांवर उपयोगी पडते.

चिपचे तीन भाग लक्षात ठेवावेत. पहिला पॉवरपीसी कोअर. दुसरा एसआययू, म्हणजे मेमरी नियंत्रक, वॉचडॉग (प्रोग्राम अडकल्यास चिप रिसेट करणारा टायमर), रिसेट आणि मुख्य इंटरप्ट नियंत्रक यांचा समूह. तिसरा सीपीएम, म्हणजे संप्रेषणाचा स्वतंत्र भाग. सीपीएममध्ये चार एससीसी, म्हणजे सीरियल संप्रेषण नियंत्रक, असतात, जे यूएआरटी, एचडीएलसी (फ्रेमांवर आधारलेला सीरियल प्रोटोकॉल), इथरनेट किंवा पारदर्शक प्रवाह यांपैकी नेमून दिलेला प्रोटोकॉल चालवतात. त्याशिवाय दोन साधे सीरियल नियंत्रक म्हणजे एसएमसी, बोर्डावरील इतर चिपांशी बोलण्यासाठी एक एसपीआय आणि एक आय-टू-सी, चार बॉड रेट (सीरियल वेग) जनरेटर, टायमर आणि टीडीएम (एकाच रेषेवर वेळ वाटून अनेक चॅनेल नेणाऱ्या) वाहिनीतील कालखंड वाटून देणारा टाइम-स्लॉट असाइनर असतो. ही सर्व पेरिफेरल आणि सीपीयू यांच्यामध्ये ड्युअल-पोर्ट रॅम असते. दोघांमधला सगळा व्यवहार तिच्यातून होतो.

पहिले काम कागदावर

बोर्डाचे आरेखन पक्के होण्यापूर्वी कोणते काम कोणत्या पेरिफेरलला द्यायचे याचा तक्ता करावा. हा टप्पा घाईत उरकला, तर त्याची किंमत नंतर बोर्ड बदलून मोजावी लागते. म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल.

चारही एससीसी सारखेच, असे गृहीत धरू नये. एमपीसी ८६० मध्ये पहिल्या एससीसीचा फिफो (डेटा थोडा वेळ धरणारी रांग) ३२ बाइटांचा आहे, तर उरलेल्या तिघांचा १६ बाइटांचा. इथरनेटच्या १० मेगाबिट वेगाने ३२ बाइट भरायला २५.६ मायक्रोसेकंद लागतात आणि १६ बाइट भरायला १२.८ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात सीपीएमच्या डीएमएला (सीपीयूशिवाय मेमरीशी डेटाची देवाणघेवाण करणारी यंत्रणा) बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा सामायिक मार्ग, मिळालीच पाहिजे, नाहीतर ओव्हररन होतो, म्हणजे फिफो ओसंडून डेटा हरवतो. इथरनेट शक्यतो पहिल्या एससीसीवर ठेवतात, त्यामागे हे कारण आहे.

दुसरी बाब पॅरामीटर रॅमची. चिपचा अंतर्गत मेमरी नकाशा १६ किलोबाइटांचा असतो आणि त्यातला शेवटचा एक किलोबाइट पॅरामीटर रॅमचा. त्याची २५६ बाइटांची चार पाने असतात आणि प्रत्येक एससीसीला एक पान मिळते. परंतु पहिल्या पानाच्या उत्तरार्धात आय-टू-सीची जागा आहे, दुसऱ्यात एसपीआयची आणि तिसऱ्या-चौथ्यात दोन एसएमसींची. इथरनेटला एचडीएलसीपेक्षा जास्त पॅरामीटर लागतात आणि ते या उत्तरार्धात शिरतात. परिणामी पहिल्या एससीसीवर इथरनेट लावले की आय-टू-सी तशीच्या तशी चालत नाही. दुसऱ्यावर लावले की एसपीआय अडते. यावर उत्पादकाने मायक्रोकोडचा पॅच दिलेला आहे, जो या पेरिफेरलची पॅरामीटर जागा दुसरीकडे हलवतो. तो पॅच लागणार असेल, तर ड्युअल-पोर्ट रॅमचा काही भाग मायक्रोकोडसाठी राखून ठेवावा लागतो आणि बफर डिस्क्रिप्टरांसाठी (प्रत्येक बफरची स्थिती, लांबी आणि पत्ता सांगणाऱ्या नोंदी) तेवढी जागा कमी पडते. कागदावर हे पाच मिनिटांत दिसते. बोर्डावर मात्र इथरनेट सुरू होताच आय-टू-सीवरचा तापमान संवेदक उत्तर देईनासा झाला, एवढेच लक्षण हाती येते आणि त्यावरून कारण शोधणे फार कठीण जाते.

तिसरी बाब सीपीएमवरील एकूण भाराची. हस्तपुस्तिकेत प्रत्येक प्रोटोकॉलसाठी, एकटाच चालत असताना, सीपीएम किती वेग पेलू शकते याचे आकडे दिलेले असतात. प्रत्येक चॅनेलचा प्रत्यक्ष वेग त्याच्या कमाल वेगाने भागावा आणि सर्व भागाकारांची बेरीज करावी. ती एकपेक्षा कमी असली पाहिजे. माझ्या मते नव्या आरेखनात ती ०.७ च्या वर जाऊ देऊ नये, कारण हे आकडे बस मोकळी असताना खरे ठरतात आणि प्रत्यक्षात कोअरलाही त्याच बसवरून मेमरी गाठायची असते.

पिनांचा तक्ता सर्वांत शेवटी करावा. एकाच पिनवर दोन-तीन कामे असतात आणि पोर्ट रजिस्टरांतून त्यांची निवड होते. आरेखनकार आणि प्रोग्रामर यांनी एकच तक्ता वापरावा. त्यात बिट क्रमांक लिहिताना हे विसरू नये की पॉवरपीसीच्या कागदपत्रांत शून्य क्रमांकाचा बिट सर्वांत मोठ्या मूल्याचा असतो. उदाहरणार्थ, एससीसीच्या मुख्य मोड रजिस्टरात ग्रहण सुरू करणारा ईएनआर हा २६ वा बिट आहे. ३२ बिटांच्या शब्दात त्याचे दशमान मूल्य ३२ होते. प्रक्षेपण सुरू करणारा ईएनटी २७ वा आहे आणि त्याचे मूल्य १६. ॲड्रेस बसच्या रेषांनाही हाच नियम लागू असल्यामुळे फ्लॅशच्या रेषा उलट जोडल्या जाण्याचा धोका खरा असतो.

बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना

या टप्प्यावर फ्लॅशमध्ये काहीच नसते. त्यामुळे पहिले साधन म्हणजे चिपच्या बीडीएम (बाहेरून डीबग करण्याच्या) पोर्टला जोडलेला हार्डवेअर डीबगर. तो कोअरला रिसेटच्या क्षणीच थांबवू शकतो आणि मेमरी नियंत्रकाची रजिस्टरे बाहेरून लिहू शकतो. चिपवरील जेटॅग पोर्ट मुख्यतः बोर्डावरील जोडण्या तपासण्यासाठी आहे. एमपीसी ८६० चे डीबगिंग बीडीएमवरून होते. त्यामुळे डीबगर निवडताना तो एमपीसी ८ एक्सएक्स घराण्याच्या बीडीएमला आधार देतो का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. नंतरच्या एमपीसी ८२६० सारख्या चिपांत जेटॅगवर आधारलेला कॉप पोर्ट असतो आणि तेथे वेगळा कनेक्टर लागतो.

प्रथम रिसेट कॉन्फिगरेशन शब्द तपासावा. रिसेट उठताना चिप हा शब्द डेटा बसवरून वाचते आणि बूट पोर्टची रुंदी, अंतर्गत मेमरीचा पत्ता, डीबग पिनांचे वाटप अशा गोष्टी त्यावरून ठरतात. त्यानंतर वॉचडॉगकडे वळावे. रिसेटनंतर तो चालूच असतो आणि त्याचे नियंत्रक रजिस्टर, म्हणजे एसवायपीसीआर, रिसेटनंतर एकदाच लिहिता येते. बूटलोडरने ते लिहिले की ॲप्लिकेशनला ते बदलता येत नाही. म्हणून वॉचडॉग ठेवायचा की बंद करायचा, हा निर्णय बूटलोडर लिहितानाच घ्यावा. ठेवायचा असेल, तर डीबगरने कोअर थांबवल्यावर वॉचडॉगही थांबवणारा बिट त्याच लेखनात चालू करावा. पुढे त्याला वेळोवेळी शांत करण्यासाठी सेवा रजिस्टरात हेक्साडेसिमल ५५६सी आणि मग एए३९ अशा दोन संख्या याच क्रमाने लिहाव्या लागतात.

मेमरी नियंत्रकात दोन प्रकारची यंत्रे आहेत. फ्लॅश आणि स्टॅटिक रॅमसाठी जीपीसीएम पुरतो आणि त्यात प्रतीक्षा चक्रांची संख्या देणे एवढेच काम असते. डीरॅमसाठी यूपीएम लागतो, ज्यात ६४ शब्दांच्या तक्त्यातून प्रत्येक नियंत्रण रेषेची हालचाल आपणच रचायची असते. या तक्त्याची चूक अशी फसवी असते की एकेक शब्द लिहून-वाचून पाहिल्यास सगळे बरोबर दिसते आणि कॅशे (कोअरजवळची जलद तात्पुरती मेमरी) चालू करताच, म्हणजे सलग चार शब्दांचा बर्स्ट सुरू होताच, मेमरी बिघडते. म्हणून मेमरीची चाचणी कॅशे बंद आणि कॅशे चालू अशा दोन्ही अवस्थांत घ्यावी आणि बर्स्टच्या वेळी नियंत्रण रेषा लॉजिक ॲनालायझरवर एकदा तरी प्रत्यक्ष पाहाव्यात.

बूटलोडर नव्याने लिहिण्याची गरज क्वचितच असते. यू-बूटचे मूळच या घराण्यात आहे: वोल्फगांग डेंक यांनी तो प्रकल्प आधी पीपीसीबूट नावाने चालवला आणि २००२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. नव्या आवृत्त्यांतून जुन्या बोर्डांचा आधार काढला जातो, म्हणून आपल्या बोर्डाशी जवळचा बोर्ड ज्या आवृत्तीत आहे, ती आवृत्ती घेऊन सुरुवात करावी. कंपायलरसाठी पॉवरपीसीकरिता बांधलेला जीसीसी पुरेसा आहे. एमपीसी ८६० मध्ये फ्लोटिंग पॉइंट एकक नाही, म्हणून सॉफ्ट-फ्लोटचा पर्याय कंपायलरला आणि सर्व लायब्ररींना सारखाच द्यावा. एकही लायब्ररी वेगळ्या पर्यायाने बांधलेली असली, तर प्रोग्राम अनपेक्षित ठिकाणी अपवाद देतो.

कन्सोल: पहिला बोलता चॅनेल

कन्सोल साधारणतः पहिल्या एसएमसीवर ठेवतात, म्हणजे एससीसी मोठ्या कामांसाठी मोकळे राहतात. बॉड रेटचे गणित आधी करून पाहावे. जनरेटरला ५० मेगाहर्ट्झ मिळत असतील आणि ११५२०० बॉड हवे असतील, तर ५ कोटींना ११५२०० च्या १६ पटीने भागून २७.१३ येतात. भाजक २७ धरला की प्रत्यक्ष वेग सुमारे ११५७४१ होतो. चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. रजिस्टरात भाजकापेक्षा एकने कमी, म्हणजे २६ लिहायचे असतात. तोच बोर्ड ४० मेगाहर्ट्झवर चालवला, तर भाजक २१.७ येतो, २२ धरावा लागतो आणि चूक सुमारे १.४ टक्के होते. पलीकडच्या यंत्राचे घड्याळही उलट दिशेने थोडे चुकलेले असले, तर अधूनमधून अक्षरे बिघडू लागतात. अशा वेळी कन्सोलचा वेग कमी ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

कन्सोलवर छपाई होते, पण टाइप केलेले काही दिसत नाही, ही तक्रार नेहमी येते. ग्रहणाचा बफर भरल्याशिवाय सीपीएम तो परत देत नाही. बफर ३२ बाइटांचा असेल आणि मॅक्स-आयडल हा पॅरामीटर शून्य असेल, तर ३२ अक्षरे होईपर्यंत सीपीयूला काहीच कळत नाही. तो पॅरामीटर १ केला की रेषा एका अक्षराएवढा वेळ शांत राहताच बफर बंद होऊन परत येतो. बफराचा ताबा कोणाकडे आहे, या प्रश्नाचा हा पहिला प्रत्यक्ष धडा आहे.

एससीसीवर एचडीएलसी: क्रम आणि लूपबॅक

कन्सोल बोलू लागल्यावर एक एससीसी एचडीएलसीमध्ये, तोही चिपच्या आतल्या लूपबॅकवर (पाठवलेला डेटा स्वतःकडेच परत आणणारी जोडणी) चालवावा. बाहेरची केबल, ट्रान्सीव्हर आणि पलीकडचे यंत्र यांपैकी काहीही यात येत नाही. म्हणून जे चुकेल ते आपल्याच मांडणीत असते.

क्रम असा ठेवावा. प्रथम पोर्टच्या पिनांचे काम निवडावे आणि एका बॉड रेट जनरेटरवरून ग्रहण आणि प्रक्षेपण या दोन्हींना क्लॉक द्यावे. मग पॅरामीटर रॅममध्ये ग्रहणाच्या आणि प्रक्षेपणाच्या डिस्क्रिप्टर-तक्त्यांचे आरंभपत्ते लिहावेत. हे पत्ते ८ ने भाग जाणारे असले पाहिजेत. नंतर कमांड रजिस्टरातून प्रारंभीकरणाची आज्ञा द्यावी आणि सीपीएमने तिचा ध्वज-बिट खाली आणेपर्यंत थांबावे. ही आज्ञा आरंभपत्ते अंतर्गत निर्देशकांत उतरवते, म्हणून ती आरंभपत्त्यांच्या नंतरच आली पाहिजे. पुढे ग्रहण बफरची कमाल लांबी, फ्रेमची कमाल लांबी आणि सीआरसीची दोन मूल्ये भरावीत. १६ बिटांच्या सीआरसीसाठी प्रारंभमूल्य सर्व १६ बिट एक, म्हणजे एफएफएफएफ आणि तपासमूल्य हेक्साडेसिमल एफ०बी८ असते. मग डिस्क्रिप्टर भरावेत, जुने इव्हेंट (घडामोडी नोंदवणारे बिट) पुसावेत, इंटरप्ट मास्क उघडावे आणि अगदी शेवटी ईएनटी आणि ईएनआर चालू करावेत. बाकी सर्व तयार होण्याआधी हे दोन बिट चालू केले, तर सीपीएम अर्धवट भरलेल्या तक्त्यावर काम सुरू करते.

प्रत्येक डिस्क्रिप्टर आठ बाइटांचा असतो: दोन बाइट स्थिती, दोन बाइट लांबी आणि चार बाइट बफरचा पत्ता. ग्रहणात ई-बिट एक असेल, तर बफर रिकामा आणि सीपीएमच्या ताब्यात. प्रक्षेपणात आर-बिट एक असेल, तर बफर भरलेला आणि सीपीएमच्या ताब्यात. ताबा देणारा हा बिट नेहमी सर्वांत शेवटी लिहावा. लांबी आणि पत्ता लिहून झाल्यावर ईआयईआयओ ही सूचना द्यावी आणि मगच स्थिती लिहावी, म्हणजे लेखनाचा क्रम बदलणार नाही. तक्त्यातल्या शेवटच्या डिस्क्रिप्टरवर डब्ल्यू-बिट लावावा. तो राहिला, तर सीपीएम तक्ता संपल्यावर पुढच्या मेमरीलाच डिस्क्रिप्टर समजून वाचत जाते.

आता २० बाइटांची एक फ्रेम पाठवावी. प्रक्षेपण डिस्क्रिप्टरवर फ्रेमचा शेवट सांगणारा एल-बिट आणि सीआरसी जोडायला सांगणारा टीसी-बिट हे दोन्ही हवेत. सगळे बरोबर असेल, तर ग्रहण डिस्क्रिप्टरमध्ये लांबी २२ दिसते, कारण एचडीएलसीत सीआरसीचे दोन बाइटही मेमरीत उतरतात. लांबी २० दिसली आणि सीआरसीची चूक नोंदली गेली, तर टीसी-बिट राहिला आहे.

बाहेरच्या रेषेवर गेल्यावर डिस्क्रिप्टरमधील चुकांचे बिट हेच निदानाचे पहिले साधन ठरते. बाइटच्या सीमेवर न संपणाऱ्या फ्रेमा दिसल्या, तर क्लॉकच्या कडेकडे किंवा घसरणाऱ्या क्लॉककडे पाहावे. सलग अबॉर्ट येत असतील, तर रेषेवर सतत एक येत आहे, म्हणजे बहुधा पलीकडचे टोक सुटलेले आहे किंवा फ्रेमा नसताना फ्लॅगऐवजी (फ्रेमची सीमा दाखवणारा ठरावीक बिटक्रम) सतत एक पाठवणे त्याने निवडले आहे. सगळ्याच फ्रेमांना सीआरसीची चूक असेल, तर दोन्ही टोकांचा सीआरसी १६ बिटांचा आहे की ३२ बिटांचा, हे जुळवावे. अधूनमधून असेल, तर विद्युत संकेताची गुणवत्ता तपासावी. ओव्हररन म्हणजे सीपीएमला बस वेळेवर मिळाली नाही. बिझी इव्हेंट म्हणजे सीपीएमकडे रिकामा बफरच उरला नव्हता, म्हणजे आपण ताबा वेळेवर परत केला नाही. शेवटच्या दोन्ही प्रकारांत फ्रेम हरवते, परंतु उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, म्हणून त्यांची मोजणी स्वतंत्र ठेवावी.

इंटरप्ट आणि कॅशे

इव्हेंट रजिस्टरातला बिट एक लिहून पुसला जातो. सी भाषेत सवयीने त्या रजिस्टराला ऑर-असाइनमेंट (|=) केले, की प्रोसेसर आधी जुने मूल्य वाचतो आणि त्यातले सर्व एक परत लिहितो. म्हणजे जो बिट पुसायचा नव्हता, तोही पुसला जातो. म्हणून रजिस्टर एकदा वाचावे, वाचलेले मूल्य जसेच्या तसे परत लिहावे आणि त्यानंतरच डिस्क्रिप्टर तपासायला घ्यावेत. हा क्रम उलटा केला, तर डिस्क्रिप्टर तपासून झाल्यानंतर आणि इव्हेंट पुसण्यापूर्वी आलेल्या फ्रेमचा इंटरप्ट हरवतो आणि ती फ्रेम पुढची फ्रेम येईपर्यंत पडून राहते. कमी वाहतुकीच्या जोडणीत असे उशिरा येणारे उत्तर प्रोटोकॉलच्या टाइमआउटपर्यंत जाऊ शकते. एका इंटरप्टमागे एकच फ्रेम असेल, असेही समजू नये. ई-बिट शून्य असलेले सर्व डिस्क्रिप्टर एकाच फेरीत हाताळावेत. शेवटी सीपीएमच्या इंटरप्ट नियंत्रकातला चालू सेवेचा बिटही पुसावा, नाहीतर त्याच आणि खालच्या अग्रक्रमाचे इंटरप्ट अडून राहतात.

कॅशेचा प्रश्न जास्त गंभीर आहे. एमपीसी ८६० चा डेटा कॅशे चार किलोबाइटांचा आहे, त्याची ओळ १६ बाइटांची आहे आणि सीपीएमने मेमरीत केलेला बदल त्याला आपोआप कळत नाही. पाठवायचा बफर कॅशेतून मेमरीत ढकलून मग आर-बिट लावावा. ग्रहणाचा बफर सीपीएमला देण्याआधी कॅशेतून रद्द करावा आणि तो परत येईपर्यंत त्याला हात लावू नये. प्रत्येक बफर १६ बाइटांच्या सीमेवर सुरू व्हावा आणि त्याची लांबीही १६ च्या पटीत असावी. बफरच्या शेवटच्या ओळीत दुसरे एखादे व्हेरिएबल आले, तर कॅशे रद्द करताना त्याचे नवे मूल्यही जाते आणि असा दोष शोधणे अत्यंत अवघड असते. ड्युअल-पोर्ट रॅम आणि सर्व रजिस्टरे एमएमयूमध्ये (मेमरीच्या पत्त्यांचे नियम ठरवणारे एकक) कॅशेबाहेर ठेवावीत.

तक्ता किती मोठा असावा, हेही गणिताने ठरवावे. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटांची. तिच्यापुढे ८ बाइटांची प्रस्तावना आणि दोन फ्रेमांमध्ये १२ बाइटांइतकी मोकळीक धरली, तर एका फ्रेमला ८४ बाइटांचा वेळ लागतो. १० मेगाबिट वेगाने तो ६७.२ मायक्रोसेकंद होतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १४,८८० फ्रेमा. सोळा डिस्क्रिप्टरांचा तक्ता अशा वाहतुकीत साधारण १.०८ मिलिसेकंदात संपतो. आपल्या प्रणालीत इंटरप्ट जास्तीत जास्त किती काळ बंद राहतात, हे मोजावे आणि त्याच्या किमान दुप्पट काळ पुरेल एवढे डिस्क्रिप्टर ठेवावेत.

टीडीएमबाबत थोडक्यात सांगायचे तर, ई-वन रेषेवर २.०४८ मेगाबिट वेगाने १२५ मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक फ्रेममध्ये ३२ कालखंड येतात आणि कोणता कालखंड कोणत्या चॅनेलला जाईल, हे टाइम-स्लॉट असाइनरच्या एसआय रॅममधल्या नोंदी ठरवतात. त्या नोंदी टीडीएम बंद असताना लिहाव्यात किंवा दुय्यम प्रत वापरून बदलाव्यात. अनेक ६४ किलोबिट चॅनेल एकाच एससीसीवर हवे असतील, तर क्यूएमसीला आधार देणारी एमएच आवृत्ती सुरुवातीलाच निवडावी.

चालत्या यंत्रात पाहण्याची साधने

ब्रेकपॉइंट हे या चिपवर धोक्याचे साधन आहे आणि हे मी नव्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. कोअर थांबला तरी सीपीएम थांबत नाही. वरच्या गणिताप्रमाणे भरगच्च वाहतुकीत एका मिलिसेकंदाच्या आसपास ग्रहणाचा तक्ता भरतो. त्यानंतरच्या फ्रेमा टाकल्या जातात, पलीकडचे यंत्र पुनःप्रेषण सुरू करते आणि पुढे दिसणारी प्रत्येक चूक डीबगरनेच निर्माण केलेली असते. एसडीएमएच्या (सीपीएमच्या डीएमएच्या) नियंत्रक रजिस्टरात कोअरबरोबर डीएमएही गोठवण्याची सोय आहे, पण रेषेवरचे बिट त्याने थांबत नाहीत. म्हणून ब्रेकपॉइंट प्रारंभीकरणाच्या कोडपुरते ठेवावेत. फ्लॅशमधल्या कोडसाठी हार्डवेअर ब्रेकपॉइंट लागतात आणि सूचनांच्या पत्त्यांसाठी चिपमध्ये असे चारच तुलनाकार आहेत. पत्ता आणि डेटा यांवर लक्ष ठेवणारे तुलनाकार मात्र अमोल आहेत. एखादे व्हेरिएबल कोण बिघडवते, हे त्यांच्याने सापडते. पण बिघडवणारी सीपीएम असेल, तर ते गप्प राहतात, कारण ते फक्त कोअरचे व्यवहार पाहतात. ते गप्प राहिले आणि मूल्य तरीही बदलले, तर संशय थेट डिस्क्रिप्टरमधल्या पत्त्यांवर घ्यावा.

चालत्या वाहतुकीसाठी मेमरीत एक वर्तुळाकार नोंदवही ठेवावी. प्रत्येक नोंदीत टाइमबेसचे (कोअरमधील वेळ मोजणाऱ्या गणकाचे) मूल्य, इव्हेंट रजिस्टर, डिस्क्रिप्टरचा क्रमांक आणि त्याची स्थिती एवढेच असावे. कन्सोलवर छापणे टाळावे. ११५२०० बॉडवर ८० अक्षरांची एक ओळ जायला जवळजवळ ७ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात इथरनेटचा सोळाचा तक्ता सहा वेळा भरून जाऊ शकतो. दोष दिसताच नोंदवही गोठवावी आणि मग डीबगरने सावकाश वाचावी.

त्याच्या जोडीला दोन मोकळ्या पिना राखाव्यात: एक इंटरप्टमध्ये शिरताना उंच आणि बाहेर पडताना खाली जाणारी, दुसरी बफरचा ताबा सीपीएमला देताना हलणारी. लॉजिक ॲनालायझरवर या दोन पिना रेषेच्या डेटा, क्लॉक आणि कॅरिअर डिटेक्टच्या शेजारी लावल्या, की फ्रेम कधी संपली, इंटरप्ट किती उशिरा आला आणि बफर केव्हा परत गेला, हे एकाच चित्रात वाचता येते. नमुने घेण्याचा वेग क्लॉकच्या किमान चौपट असावा. इथरनेटच्या बाबतीत पलीकडच्या संगणकावर वायरशार्कची नोंद एकाच वेळी घ्यावी आणि दोन्ही नोंदी फ्रेमच्या क्रमांकावरून जुळवाव्यात.

लिनक्स वापरणार असाल, तर पिना, क्लॉक, इंटरप्ट आणि ड्युअल-पोर्ट रॅमचे वाटप डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचे वर्णन करणारी फाइल) लिहिले जाते आणि वर केलेला कागदी तक्ता जवळजवळ तसाच तेथे उतरतो. ड्रायव्हर चालत नसेल, तर प्रथम बूटलोडरमधून तोच चॅनेल लूपबॅकवर चालवून पाहावा. तेथे चालत असेल, तर त्या चॅनेलच्या पॅरामीटर रॅमच्या पानाची मेमरी बूटलोडरमध्ये आणि लिनक्समध्ये अशी दोनदा वाचून शेजारी-शेजारी ठेवावी. जो शब्द वेगळा दिसेल, तेथूनच शोध सुरू करावा.